साफ हाय

माझ्या अंगाची वाटणी झालेली आहे. बेंबीच्या वरचा भाग माझा, खालचा बायकोच्या ताब्यात. एका मंगल कार्यालयाच्या छताला लाइटच्या माळा बांधताना शिडी सरकली, मी पाठीवर खाली आलो आणि मणका मोडला, त्या दिवसापासूनची ही वाटणी. खालचं मला काही कळत नाही. गरम, गार, चिमटा, मुंगी, काहीच नाही. तेव्हा आमची मुलगी पाळण्यात होती. आता तिची पोरं शाळेला जातात आणि मी साठी ओलांडलेला म्हातारा आहे. चाकाच्या खुर्चीत बसून मोटरींचं वायंडिंग करतो. शेतावरच्या पंपाच्या येतात, मिक्सर येतात, पंखे येतात. जळलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. हात शाबूत आहेत तोवर हेच चालायचं.

ज्याला अंग कळत नाही त्याला अंग बघावं लागतं. चड्डीची शिवण घडी पडून रुतली तरी तुम्ही न कळत सरकून बसता. मी सरकत नाही, कारण मला रुतलेलं कळतच नाही. दुसऱ्या दिवशी तिथं लाल होतं, तिसऱ्या दिवशी निळं, आणि मग जे होतं त्याला दवाखान्यात मोठं नाव आहे, आम्ही त्याला नुसतं ‘जखम’ म्हणतो. म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली की बायको मला कॉटवर पालथा घालते आणि पाठीपासून टाचेपर्यंत बघते. पहिली काही वर्षं मी स्वतः आरसा धरून बघायचो. तो एकदा हातातनं पडून फुटला. नवा आण म्हटलं तर ती म्हणाली, “मी हाय की. मीच तुमचा आरसा.” झालं, आरसा आलाच नाही.

बघून झालं की ती म्हणायची, “साफ हाय.” एवढे दोन शब्द ऐकले की माझा दिवस सुरू. मग चहा, मग मोटरी.

या दोन शब्दांची किंमत काय, ते ज्याच्यावर बेतलंय त्यालाच ठाऊक. मणका मोडला तेव्हा मी ज्या वॉर्डात होतो तिथले आम्ही काही जण एकमेकांना फोन करायचो. कोण विहिरीत पडलेला, कोण ट्रॉलीखाली आलेला, एक गडहिंग्लजकडचा नारळाच्या झाडावरनं पडलेला. तो फार खोडकर माणूस. म्हणायचा, “भावा, आपण मणक्यानं मरत न्हाई, आपण बुडानं मरतो.” आम्ही हसायचो. तरुण होतो, जखमा व्हायच्या आणि भरून यायच्या. गेल्या काही वर्षांत एकेक फोन बंद पडत गेला. तो गडहिंग्लजवालाही गेला, आणि त्यानं सांगितलं होतं तसाच गेला. जखम हाडात उतरली, विष रक्तात गेलं, आठवड्यात खेळ खलास. त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी हातातली तार तशीच खाली ठेवली आणि संध्याकाळपर्यंत काहीच केलं नाही.

तेव्हापासून भीती घरात राहायला आली. आधीपण होती, पण पाहुण्यासारखी यायची-जायची. आता वय झालं. खांदे गेले. दर थोड्या वेळानं दोन्ही हातांवर जोर देऊन बूड खुर्चीवरनं उचलायचं असतं, म्हणजे खाली रक्त फिरतं. पूर्वी मी गप्पा मारता मारता उचलायचो, आता उचललं की खांद्यात कळ येते आणि डोळ्यांपुढं काजवे चमकतात. मग टाळाटाळ होते. त्यात साखर निघाली. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय. लघवीच्या नळीचं दुखणं वेगळंच. सगळीकडनं भिंती पोखरल्यागत झालंय आणि मधे बायकोचे ते दोन शब्द, टेकू लावल्यासारखे.

तर गेल्या थंडीतली गोष्ट. व्याही आणि विहीणबाई मलकापूरहून आले होते. त्यांच्या धाकट्याचं लग्न ठरलेलं, पत्रिका घेऊन आले. सोबत आमची मुलगी होतीच. रविवार होता. रविवारी कोल्हापुरात व्याही दारात आल्यावर दुसरं काय शिजणार? तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी.

आमच्यात पाहुण्याला मटण नुसतं वाढून भागत नाही, रस्सा मागनं वाढत राहावा लागतो. वाटी रिकामी दिसली की यजमानाचं नाक कापलं गेलं. आणि रस्सा उकळता पाहिजे, कोमट रस्सा म्हणजे पाहुण्याला हाकलल्यासारखं. आमच्या घरात रस्सा मी वाढतो. भाजी चिरायला नको, पाणी भरायला नको, पण पांढऱ्या रश्श्याचं पातेलं मांडीवर घेऊन मी खुर्ची फिरवत टेबलाभोवती जाणार आणि पळीनं वाढणार, हा माझा हट्ट. मांडीवर आधी लाकडी पाट, पाटावर पातेलं. लोकांना नुसती मांडी असते, मला टेबल आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो.

त्या दिवशी पाट सापडला नाही. म्हणजे सापडला, पण त्याच्यावर मीच एक मोटर वार्निश लावून वाळत ठेवलेली. म्हटलं जाऊ दे, टॉवेलची घडी बास. पातेलं घेतलं आणि निघालो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चाक चढलं, पातेलं कललं आणि रस्सा मांडीवर सांडला. वाटीभर तरी असेल.

व्याही ताटावरनं उठलेच. “पावणं, भाजलं की ओ.”

“मला कुठलं भाजतंय,” मी म्हटलं. “निम्मा माणूस आधीच थंड हाय. तुम्ही बसा, वाटी पुढं करा.”

सगळे हसले. विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हा विनोद मी वर्षानुवर्षं करत आलोय आणि तो दरवेळी चालतो. बायको ओलं फडकं घेऊन आली, मांडी वरनं पुसली, गार पाणी लावलं, वाकून बघितलं आणि म्हणाली, “थोडं लाल झालंय. बाकी साफ हाय.” मी पायजमा बदलला नाही. पाहुणे जेवत असताना कॉटवर जाऊन कोण पडणार? ते संध्याकाळची एसटी पकडायला निघेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. निघताना व्याह्यांनी रश्श्याची तारीफ केली, मी छाती फुगवून घेतली.

तांबडा असता तर डाग दिसला असता. पायजमा पांढरा, रस्सा पांढरा. वरचं पुसलं, पण ओघळ मांडीखाली गेला होता. माझ्या गादीला रेक्झिनचं कव्हर आहे, ते पाणी पीत नाही. तो तूपकट उकळता रस्सा माझ्या मांडीखाली साचला आणि त्याच्यावर मी माझं सगळं वजन टाकून तासन्‌तास गप्पा हाणत बसलो.

सोमवारी सकाळी पालथा झालो. “साफ हाय.” मंगळवारी, “साफ हाय.”

मग वास यायला लागला. जळक्या मोटरींशी जन्म गेलेला, वासाचं मला लगेच कळतं. मी बायकोवर डाफरलो, की गादीत रस्सा नासलाय, धुतली का नाहीस. तिनं गादी धुतली, उन्हात टाकली. वास गेला नाही. दुपारी हुडहुडी भरली. चादर, घोंगडी, पुन्हा चादर, तरी दात वाजतच. माझा खालचा भाग बोलत नाही, पण त्याला काही झालं की तो ताप पाठवतो. मला ते माहीत आहे. नळीचं असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. नळीचं असलं तर बरं, एवढंच देवाला म्हणत होतो.

बायकोनं मुलीला फोन केला. ती नवऱ्याच्या मोटारसायकलवरनं आली. आई रिक्षा बघायला बाहेर गेली, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, वळा. बघू दे मला.”

“तुझ्या आईनं बघितलंय. साफ हाय.”

“वळा म्हणते ना.”

पोरीनं बापाचं उघडं अंग बघायचं, हे आमच्यात होत नाही. मी नाही म्हटलं, ओरडलो, हात झटकला. पण ती माझीच पोरगी, तिनं मला धरून पोत्यासारखा उलटा केला. मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. भिंतीवर पालीच्या शेपटीएवढी एक चीर होती, ती बघत होतो. बायको आत आल्याचं चपलांवरनं कळलं.

“आई,” मुलगी म्हणाली, “हे तुला दिसलं न्हाई?”

मी मान वळवली. बायको पुढं आली, वाकली, नाक जवळजवळ माझ्या मांडीला लागेपर्यंत वाकली, आणि मग हातानं चाचपायला लागली. लाइट गेल्यावर माणूस काडेपेटी शोधतो तशी. मी ते बघितलं आणि रविवारी ती व्याह्यांना दारात “या” म्हणाली ते त्यांनी हाक मारल्यावर, आधी नाही, हे मला आठवलं. तांदूळ निवडताना ती हल्ली खडे बोटानं शोधते. सुईत दोरा शेजारच्या पोरीकडनं ओवून आणते. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी मोटरी गुंडाळत बसलो होतो.

“न्हाई दिसलं,” बायको म्हणाली आणि खाली फरशीवर बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम उघडली तेव्हा मला अर्थातच काही दुखलं नाही. लोकांना वाटतं हे भाग्य. दुखत नाही त्याला काय कळणार किती आत गेलंय ते? मी डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिलो, कारण माझ्याकडं बघायला तेवढंच होतं. ते तरुण होते, पण गोड बोलणारे नव्हते. म्हणाले, “भाजलंय आणि त्याच्यावर दाबलं गेलंय. वय झालंय, त्यात साखर. पूर्वीसारखं भरून येईलच असं नाही. बसायचं नाही. पालथं पडून राहायचं, मी सांगेपर्यंत. हाडाला लागलं तर मग बघू.”

बघू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनीपण बघूच म्हटलं असणार.

मुलीनं मोबाइलवर फोटो काढून माझ्यापुढं धरला. मी डोळे मिटले. ती म्हणाली, “बाबा, तुमचंच अंग हाय.” मग बघितलं. मधे काळं, कडेनं पिवळं, तळहाताएवढं. पण जखमेपेक्षा मला आजूबाजूचं बघून धक्का बसला. एवढी सुकलेली मांडी, एवढी लोंबणारी कातडी. हे कधी झालं? मी शेवटचं बघितलं तेव्हा तिथं माणूस होता.

दुसऱ्या दिवशी मुलगी चहा आणायला गेली तेव्हा बायको स्टूल ओढून माझ्या तोंडाजवळ बसली. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. दिसत नव्हतं तर ‘साफ हाय’ कशाच्या जोरावर सांगत होतीस, एवढंच मला विचारायचं होतं. विचारायच्या आधी ती बोलली.

“वर्ष झालं धुरकट दिसतंय. मोतीबिंदू हाय. डॉक्टरला दाखवलंय.”

“मग ऑपरेशन का न्हाई केलंस?”

“ते म्हणाले, पुढं काही दिवस वाकायचं न्हाई. वजन उचलायचं न्हाई.” ती पदराची कड बोटाला गुंडाळत होती. “मग तुम्हाला कोण उचलणार?”

मी रडलो. पालथं पडून रडलं की पाणी नाकात जातं, नीट रडतापण येत नाही. ती म्हणाली, “बोटानं बघत होते की मी. फुगलेलं असलं की बोटाला लागतंय. हे लागलंच न्हाई.” पाणी भरलेला फोड बोटाला लागतो, जळून सपाट झालेली कातडी लागत नाही. तिला कोण सांगणार?

दवाखान्यातनं घरी आलो तो पालथाच. त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो, निदान वरच्या निम्म्यावर. तोंडाखाली उशी, उशीपुढं शहाबादी फरशी, फरशीत एक ठिपका. मुलगी सकाळी ड्रेसिंग करायची. अंग पुसायला आणि बाकीचं करायला एक माणूस लावला होता. मुलगी ड्रेसिंग सोडायला लागली की मी श्वास धरायचो. ती काही बोलली नाही तर वाटायचं वाढलंय. “बरंय” म्हणाली तर वाटायचं आईवर गेलीय, खोटं बोलतेय. एकदा विश्वास गेला की गेला. मी मेलो तर हिचं काय, हा एक विचार. आणि हिचे डोळे पुरते गेले तर माझं काय, हा दुसरा. दुसरा जास्त वेळा यायचा. लाज वाटायची, पण यायचा.

आणि त्या ठिपक्याकडं बघता बघता मला एक सुचलं. मी बायकोला हाक मारली.

“आत्ता करून घे.”

“काय?”

“डोळा. मी पालथाच पडलोय. मला खुर्चीत घालायचं न्हाई, बाथरूमला न्यायचं न्हाई. तुला काय उचलायचंच न्हाई. असा मोका परत येणार न्हाई.”

ती नाही म्हणाली. तुमचं भरू दे, मग बघू, म्हणाली. ‘बघू’ ऐकल्यावर माझं टाळकं सरकलं. मी एवढा ओरडलो की शेजारीण खिडकीत आली. तुझे डोळे गेले तर ती जखम मला खाईल, कळतंय का तुला, म्हटलं. तुझ्यासाठी नको करू, माझ्यासाठी कर. हे बोललो आणि आपल्याच कानांना कसंतरी वाटलं. पण खरं तेच होतं, आणि ती त्यावरच तयार झाली. तिच्या स्वतःसाठी ती झालीच नसती.

मुलगी तिला घेऊन गेली त्या दिवशी मी काही तास घरात एकटा होतो. दार नुसतं लोटलेलं, शेजारणीला हाक मारली तर ऐकू जाईल असं. मोबाइल उशीशी. सगळे म्हणतात हे साधं ऑपरेशन, पंधरा-वीस मिनिटांत होतं. माझी शिडीपण साधी शिडी होती. फोन वाजला आणि उचलता उचलता कॉटखाली पडला. खाली तो वाजत राहिला, वाजून बंद झाला, परत वाजला. माझा हात पोचेना. आता काय बातमी असेल ती फरशीवर वाजतेय आणि मी वरनं बघतोय. नळाला पाणी आल्याचा आवाज येत होता, कोणीतरी बादली लावत होतं. मी शेजारणीला हाक मारली नाही. खरं सांगायचं तर ऐकायची हिंमतच नव्हती.

ती आली काळा चष्मा लावून, मुलीचा हात धरून. फोन फक्त ‘झालं’ एवढं सांगायला होता.

मग थेंबांचा प्रश्न आला. तिच्या डोळ्यात दिवसातनं अनेकदा औषध घालायचं. मुलीची पोरं तिकडं मलकापुरात, तिला जाऊन-येऊन करावं लागे. मी म्हटलं, मी घालतो. बायको कॉटला पाठ लावून खाली फरशीवर बसायची, मान मागं टाकून वर बघायची. मी पालथाच असल्यामुळं माझं तोंड बरोबर तिच्या तोंडावर यायचं. बाटली धरून मी थेंब सोडायचो. पहिल्यांदा नाकावर पडला.

“मोटर न्हवं ती,” ती म्हणाली. “डोळा हाय.”

“हलू नको मग.”

एवढ्या जवळनं तिचं तोंड मी किती दिवसांत बघितलं नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी तिच्या डोळ्यात लाली आहे का, चिकटा आहे का, बघत राहायचो आणि ती विचारायची, “काय दिसतंय?” मला वाटायचं ‘साफ हाय’ म्हणावं. पण ते शब्द माझ्या तोंडातनं निघायचे नाहीत. मी जे दिसेल ते सांगायचो. थोडं लाल आहे. पाणी येतंय. कालच्यापेक्षा बरं.

डॉक्टरांनी तिला चष्मा काढायची परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती म्हणाली, “आज मी बघते.” मुलगी जवळ होती, तिनं ड्रेसिंग सोडलं आणि बाजूला झाली. मी उशीत तोंड घातलं. पूर्वी ‘साफ हाय’ यायला चूळ भरण्याएवढापण वेळ लागायचा नाही. आज वेळ गेला. बराच गेला. ती पाठीवरनं खाली निघाली असणार, कारण बांगड्यांचा आवाज हळूहळू लांब जात होता.

“काय झालं?” मी म्हटलं.

“थांबा की.”

मी थांबलो. फरशीतला ठिपका तिथंच होता.

“जखम भरत आलीय,” ती म्हणाली. “कडेनं नवी कातडी दिसतीया. गुलाबी.” बांगड्या परत वाजल्या. मग म्हणाली, “पण पुढच्या अंगाला, डाव्या कुशीशी लाल हाय. कंबरेच्या हाडावर. पालथं पडून-पडून आलं असणार.”

मुलगी पटकन पुढं झाली, बघितलं, “अय्या, मला दिसलंच न्हाई हे,” म्हणाली.

“नीट बघ,” मी बायकोला म्हटलं. “नीट बघून सांग.”

“नीटच दिसतंय मला आता. लाल हाय. रुपयाएवढं.”

मी भ्यालो. खोटं कशाला बोलू, पाचावर धारण बसली. दुष्काळात तेरावा महिना, आता हीपण बाजू गेली तर मी निजायचं कशावर? पण त्या भीतीत एक फरक होता, तो मला तिथंच, उशीत तोंड असतानाच कळला. इतके महिने मी दोन शब्दांवर निवांत होतो आणि खाली आग लागली होती. आज निवांत काहीच नव्हतं, पण आग कुठं आहे ते तिनं बघितलं होतं, आणि ती रुपयाएवढीच होती.

“कुठं?” मी विचारलं.

“हितं.”

बोट ठेवलं असणार. मला काय कळणार. मी कॉटची कड दोन्ही हातांनी धरली, खांद्यातली कळ सोसली आणि अंग त्या बाजूवरनं उचललं.